पणजोबांचे नव्वद फटके आणि आमचा अर्ज

15 ऑगस्ट 2024 ला माझ्या नवऱ्याच्या पणजोबांना जपानविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या कामासाठी कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांचं प्रशस्तिपत्र जाहीर झालं. ते जाऊन तेव्हा 67 वर्षं झाली होती. अर्ज सासऱ्यांच्या नावाने, धावपळ बहुतेक माझी. इथे सासर असलेल्या दोघीतिघींनी मला विचारलं, की आमच्याकडेही आजोबा-पणजोबांच्या अशा गोष्टी सांगतात, पण सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय. जरा लांबेल.

हे काम माझ्याकडे यायचं कारण म्हणजे मला जपानी येतं. पुण्यात कॉलेज सांभाळून मी जपानी शिकले, त्याच जोरावर नोकरी लागली, नोकरीने कोरियात आणलं आणि इथलीच झाले. सासर आन्सॉन्गचं, सोलच्या दक्षिणेला, दीड तासावर. 1910 ते 1945 या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे त्या काळातली बहुतेक सगळी सरकारी दप्तरं जपानीत. 2022 च्या सॉल्लालला, म्हणजे कोरियन नववर्षाला, 1 फेब्रुवारीला, सगळे जमले असताना पणजोबांचा विषय निघाला आणि सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाईला वाचता येईल." मी हो म्हटलं. त्या घरात तोवर मी जपानीचा एक शब्दही मोठ्याने बोलले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती, पण सासऱ्यांच्या आत्या समोर असल्या की नको वाटायचं. आत्या तेव्हा 91 वर्षांच्या. शाळेत त्यांना फक्त जपानीच बोलायला लावलं होतं आणि शाळा सुटल्यावर त्यांनी त्यातला एकही शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही, असं घरात सांगतात.

घरातली गोष्ट अशी होती: पणजोबांनी 1919 मध्ये गावामागच्या डोंगरावर मशाली पेटवून 'मान्से'च्या, म्हणजे 'चिरायू होवो'च्या, घोषणा दिल्या, पोलिसांनी धरलं, आणि सोलच्या सॉदेमून तुरुंगात ते तीन महिने होते. शिवाय त्यांनी जपानी आडनाव घेतलं नाही. शिवाय पणजीने घरची पितळी भांडी शेतात पुरली. एवढं सगळ्यांना पाठ. कागद मात्र एकही नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. 1 मार्च 1919 ला सोलमध्ये 33 जणांच्या सहीचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि महिनाभरात लोण खेड्यापाड्यांत पोचलं. आन्सॉन्गमध्ये तर 1 एप्रिलला वॉन्गोक आणि यांगसॉन्ग या भागांतल्या लोकांनी पोलीस चौकी आणि पोस्ट जाळलं. तिथल्या टेकडीवर आता स्मारक आणि संग्रहालय आहे. आमचे पणजोबा त्या मोठ्या प्रकरणातले नव्हेत. त्यांचं गाव वेगळं, मशालवाल्यांचं. त्या वसंतात रात्री एका डोंगरावर मशाल दिसली की पलीकडच्या डोंगरावरचे लोक पेटवायचे.

पहिला कागद काढायचा तो 'जेजॉक दुंगबोन'. ही जुनी कुटुंब-नोंदवही. त्यात घराचा कर्ता, त्याची बायको, मुलं, भाऊ, सगळ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू. कुठल्याही नगर किंवा ग्राम कार्यालयात मिळते, प्रतीला 500 वॉन, आपले तीसेक रुपये. नात्याचा आजचा दाखला 1,000 वॉन. खिडकीवर मागताना नुसतं 'आजोबांची नोंद' म्हणाल तर संगणकावर उतरवलेली अलीकडची प्रत हातात ठेवतात. 'अमुक कर्ता असलेली, सर्वांत जुनी, हाताने लिहिलेली, स्कॅन केलेली' असं स्पष्ट सांगा, आणि कर्त्याचं नाव व मूळ गावाचा पत्ता आधी लिहून न्या. सून असाल तर सासऱ्यांचं सहीचं अधिकारपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत लागते. हे नसेल तर परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

ती प्रत बघून मी पहिल्यांदा घाबरले. उभ्या ओळी, मधेच शिक्के, आडवे काट मारलेले रकाने आणि वर्षं तर चार प्रकारची. 1910 च्या आधीचे जन्म कोरियन राजवटीच्या सनात, पुढचं सगळं जपानी सम्राटांच्या सनांत. वहीच्या मागे मी हे लिहून ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा: कोरियन 'केगुक' सनात 1391 मिळवायचे, मेइजीत 1867, ताइशोत 1911, शोवात 1925. म्हणजे पणजोबांचा जन्म केगुक 503, इसवी 1894. शोवा 15 म्हणजे 1940. हे वर्ष पुढे महत्त्वाचं ठरलं.

मग शिक्षेचा शोध. राष्ट्रीय अभिलेखागाराने स्वातंत्र्यलढ्यातले न्यायनिवाडे ऑनलाइन ठेवलेत, फुकट. स्वातंत्र्यसैनिक आणि माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे, तिथे आजवर गौरव झालेल्यांच्या फायली दिसतात. पाळतीखालच्या लोकांची फोटोसकट कार्डं इतिहास संकलन संस्थेच्या संग्रहात आहेत. रोज रात्री जेवणं उरकली की मी शोधत बसायची. पणजोबांचं नाव कोरियन लिपीत टाकलं, चिनी अक्षरांत टाकलं, नावाऐवजी गावाचं टाकलं. काही नाही. सॉदेमूनमध्ये तर त्यांचा मागमूसही नाही.

इथे दोन गोष्टी कळल्या, त्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर महिना वाचला असता. एक, त्या काळच्या माणसाला एकच नाव नसायचं. वंशावळीच्या ग्रंथात, ज्याला इथे 'जोकबो' म्हणतात, एक नाव, सरकारी वहीत दुसरं, घरात हाक मारायचं तिसरं. आमच्या जोकबोत पणजोबांचं जे नाव होतं ते सरकारी नोंदीत कुठेच नव्हतं. दोन, गावांची नावं. 1914 मध्ये जपानी प्रशासनाने जिल्हे-तालुके नव्याने पाडले, गावं एकमेकांत मिसळली. आजच्या पत्त्याने शोधाल तर बसाल शोधत.

तिसरी गोष्ट मला स्थानिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "तीन महिने म्हणता ना? मग तुरुंगात नसतील. फटके असतील." 1912 चा एक अध्यादेश होता, फक्त कोरियन लोकांना लागू. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेऐवजी फटके मारता यायचे, एका दिवसाला एक फटका या हिशेबाने. एका दिवसात तीसपेक्षा जास्त मारायचे नाहीत असाही नियम, म्हणजे नव्वद असतील तर सलग तीन वेळा बोलवायचं. 1920 मध्ये हा प्रकार बंद झाला. अशी किरकोळ प्रकरणं कोर्टात न जाता पोलीस ठाण्यातच निकालात निघायची, त्यामुळे न्यायनिवाडा असण्याचा प्रश्नच नाही. नोंद असलीच तर गावच्या कार्यालयातल्या 'गुन्हेगार नाववही'त.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. आत्याच म्हणाल्या, "म्हणून आई सांगायची, लावणीपर्यंत ते पालथे झोपायचे." इतकी वर्षं हे वाक्य घरात सगळ्यांनी ऐकलं होतं आणि त्याचा तुरुंगाशी मेळ बसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नाववही मिळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. एका कार्यालयाने सांगितलं, कोरियन युद्धात जळाली. दुसरीकडे म्हणाले, वर पाठवली, कुठे ते माहीत नाही. अशा वेळी खिडकीवर हुज्जत घालण्यापेक्षा माहिती मागण्याचा लेखी अर्ज करा. ऑनलाइन होतो, आणि साधारण 10 कामाच्या दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, मुदत वाढवली तर आणखी 10. 'नाही' हे उत्तरसुद्धा लेखी मिळतं आणि पुढच्या ठिकाणी दाखवता येतं. जुलैत एका उत्तरात 'सदर वही सूक्ष्मचित्रफितीवर उपलब्ध' असं आलं. वंशज असल्याचे दाखले जोडून आम्ही पानाची प्रत मागवली.

ते पान अजून माझ्या फोनमध्ये आहे. डाव्या कडेला वाळवीने खाल्लेलं. एका ओळीत एक माणूस: पत्ता, नाव, जन्म, गुन्हा, शिक्षा, तारीख. आमच्या गावचे सलग सहा जण, सगळ्यांचा गुन्हा तोच, 'सार्वजनिक सुरक्षा कायद्याचा भंग'. लिहिणाऱ्याने पहिल्याला पूर्ण लिहिलंय आणि खालच्या पाचांना नुसतं 'वरीलप्रमाणे'. शिक्षेच्या रकान्यात तीन अक्षरं: फटके, नऊ, दहा. अक्षर सुरेख आहे. मला त्याचाच राग आला.

काही शेरे इतके घसरत्या वळणाचे होते, की माझं पुण्यातलं जपानी तिथे थकलं. जुनं हस्ताक्षर उलगडणाऱ्या एका बाईंना दोन पानांचे 1,00,000 वॉन दिले, सहाएक हजार रुपये. या सगळ्यातला हा एकच मोठा खर्च. अर्जाला फी नाही. 'आम्ही करून देतो' म्हणणारे भेटतील, त्यांना पैसे देऊ नका.

वहीतलं नाव जोकबोतलं नव्हतं, नोंदवहीतलं होतं. पण एक अक्षर वेगळं, उच्चार तोच. म्हणजे हा आणि तो एकच माणूस, हे सिद्ध करायचं. आम्ही एक तक्ता केला. जन्मसाल: एकीकडे केगुक 503, दुसरीकडे मेइजी 27, दोन्ही 1894. पत्ता: 1914 नंतरचं गाव आणि घर क्रमांक तंतोतंत तोच. त्या गावात त्या उच्चाराचा दुसरा माणूस नाही, हे दाखवायला शेजारच्या दोन चुलत घराण्यांनी आपापल्या नोंदवह्या काढून दिल्या. हा तक्ता एका पानावर बसवा. तपासणाऱ्यासमोर ढीग असतो.

ऑक्टोबर 2022 मध्ये अर्ज दिला. मुख्य फॉर्म, सोबत 'कार्य-विवरण', 'जीवनपट' आणि पुरावे. विवरणात विचारतात: केव्हा, कुठे, काय केलं, पुरावा कोणता. आणि इथे आमच्या घरात वाद झाला.

सासऱ्यांचं म्हणणं, पितळेचं लिहायचं. आन्सॉन्ग हे पितळी भांड्यांचं गाव. इथली 'युगी' देशभर नावाजलेली. युद्ध पेटल्यावर 1941 पासून जपानने धातू गोळा करायला सुरुवात केली. घरोघरच्या वाट्या, चमचे, पूर्वजांच्या पूजेची भांडी, सगळं काडतुसांसाठी. पणजीने वरवर दाखवायला चार वाट्या दिल्या आणि पूजेचा संच रात्री मिरचीच्या वाफ्याखाली पुरला. आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या, कंदील त्यांनी धरला होता. स्वातंत्र्यानंतर तो संच वर काढला. आजही चुसॉकला, म्हणजे सुगीच्या सणाला, त्यातच भात वाढतात. सासूबाई घासघासून थकतात, पण एका वाडग्याच्या बुडाला हिरवट डाग आहेत ते जात नाहीत. मी त्या वाडग्यात सूप प्यायले आहे.

नवरा म्हणाला, "याला पुरावा काय? वाडगा?" बरोबर होतं त्याचं. तोंडी साक्ष हा मुख्य पुरावा धरत नाहीत. बहुतेक वेळा जपानी पोलिसांनी ज्याला पकडून लिहून ठेवलं, त्याचंच कार्य सिद्ध होतं. पणजी पकडली गेली नाही, म्हणून ती कुठल्याच वहीत नाही. 1919 च्या एप्रिलमध्ये नवऱ्याच्या जखमा मिठाच्या पाण्याने धुणारी, नांगरणी एकटीने उरकणारी बाई त्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. आमच्याकडे ताम्रपट मिळालेल्यांच्या घरातही भाकरी पोचवणाऱ्या बायकांचं हेच झालं असणार, असं तेव्हा वाटून गेलं. शेवटी जीवनपटात 'कुटुंब' या भागात मी एक ओळ टाकली: 'पत्नीने धातू-वसुलीच्या काळात पूजेची भांडी पुरून राखली.' नवऱ्याने खांदे उडवले. सासऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि शिक्का मारला.

मग थांबणं. गौरव वर्षातून तीनदा जाहीर होतात: 1 मार्च, 15 ऑगस्ट आणि 17 नोव्हेंबर. त्या तारखा जवळ आल्या की सासरे टपालपेटीकडे फेऱ्या मारायचे. फोन केला तर 'परीक्षण चालू आहे'. दरम्यान जून 2023 मध्ये खात्याचं मंत्रालय झालं, फॉर्मवरचं नाव बदललं, आमची फाइल जुन्याच नावाने पुढे सरकत राहिली.

नोव्हेंबर 2023 मध्ये पत्र आलं. शिक्षा मान्य, पण 'त्यानंतरची वागणूक अस्पष्ट', म्हणून तूर्त राखून ठेवलं. सासरे खचले. "अस्पष्ट म्हणजे? माझ्या आजोबांनी पुढे जपान्यांची चाकरी केली असं म्हणायचंय का यांना?" तसं नव्हतं. 1919 मध्ये घोषणा दिलेले काही लोक 1930 च्या दशकात जपानच्या बाजूला गेले, त्यामुळे 1945 पर्यंतचा माग तपासतात. हे कारण अनेकांना येतं. पत्र आलं म्हणजे दार बंद झालं असं समजू नका. नवा पुरावा असेल तर पुन्हा मांडता येतं.

पण काहीच न केल्याचा पुरावा आणायचा कुठून? पणजोबा शेतकरी. पुढे ना नोकरी, ना पद. तेव्हा मी ती नोंदवही पुन्हा पसरली.

1940 मध्ये, 11 फेब्रुवारी ते 10 ऑगस्ट या सहा महिन्यांत, प्रत्येक कोरियन कुटुंबाने जपानी धर्तीचं आडनाव नोंदवावं असं फर्मान होतं. कागदावर ऐच्छिक, पण न नोंदवणाऱ्यांची मुलं शाळेत घ्यायची नाहीत, शिधा अडवायचा, असे प्रकार चालत. सुमारे 80 टक्के कुटुंबांनी नाव नोंदवलं. नोंदवलं, की वहीत जुन्या नावावर रेघ आणि शेजारी शोवा 15 ची टीप. 1946 नंतर मूळ नावं परत लावली गेली, त्याची पुन्हा टीप. पणजोबांच्या धाकट्या भावाच्या पानावर या दोन्ही टिपा आहेत. पणजोबांच्या पानावर एकही नाही. ज्यांनी अर्ज केला नाही त्यांचं जुनंच आडनाव सरकारने कायम धरलं, म्हणून ते पान स्वच्छ.

आत्यांना विचारलं. त्या खुदकन हसल्या. नाव नोंदवायचं ते घराच्या कर्त्याने. कारकून आला की पणजोबा मागच्या दाराने डोंगरावर, आणि पणजी पुढच्या दारात, "मालक लाकडं आणायला गेलेत." ऑगस्ट उलटेपर्यंत त्या घरात लाकडांचा भलता साठा झाला होता. शाळेतून मास्तरांनी आत्यांना घरी पाठवलं, त्या वर्षभर घरीच बसल्या. हे सांगताना मात्र हसल्या नाहीत. त्यांना शाळा आवडायची.

धाकट्या भावाबद्दल घरात कुणी वाईट बोलत नाही आणि मीही बोलणार नाही. त्यांचा मुलगा माध्यमिक शाळेत होता, तो पुढे शिकला. भावकीचं पुढे चांगलं जमलं होतं, पुरलेल्या भांड्यांची जागा त्यांनाही माहीत होती.

दोन्ही पानांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, फरकावर पेन्सिलीने खूण केली. सोबत आत्यांची दिनांक घालून लिहिलेली, सही-शिक्क्याची हकीकत, 1945 पर्यंत जमीन त्यांच्याच नावे असल्याचा जमीनवहीचा उतारा, आणि गावच्या वृद्धमंडळाचं पत्र. जानेवारी 2024 मध्ये हे सगळं नोंदणीकृत टपालाने पाठवलं. टपालाची पावती फाइलला टाचून ठेवा, फोनवर तोच क्रमांक विचारतात.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्थानिक कार्यालयातून फोन आला. सासऱ्यांनी फोन कानाला लावून उभ्यानेच ऐकलं, तीनचार वेळा "हो, हो" म्हणाले, आणि ठेवल्यावर सासूबाईंना विचारलं, माझा काळा सूट कुठे आहे.

प्रशस्तिपत्र पणजोबांच्या नावाचं. मजकूर दोन ओळींचा, त्यात मशाल नाही, डोंगर नाही, फटके नाहीत. फटक्यांचा उल्लेख खात्याच्या संकेतस्थळावरच्या कार्य-नोंदीत आहे. पणजीची ओळ तिथे नाही. नवरा काही बोलला नाही, हे बरं केलं.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. गौरव आणि वंशजांना मिळणाऱ्या सवलती या वेगळ्या बाबी आहेत. वारस म्हणून नोंदणीचा अर्ज पुन्हा स्वतंत्र करावा लागतो, आणि कोणत्या पिढीला काय मिळतं हे व्यक्ती कधी वारली यावरही ठरतं, तेव्हा आधीच कुणाला आशा लावू नका. ऑगस्ट 2024 पर्यंत अशा गौरवांची एकूण संख्या 18,000 हून थोडी जास्त होती. 1919 मध्ये रस्त्यावर उतरलेले लोक लाखोंनी होते.

वहीतल्या त्या पानावर आमच्या गावचे आणखी पाच जण आहेत. दोघांचे वंशज गावातच सापडले, एकांचे सोलमध्ये. नावाचा आणि गावांच्या फेरबदलाचा तक्ता तयारच आहे, तो त्यांना दिलाय. उरलेल्या दोघांच्या नोंदवह्या काढायला थेट वंशज हवेत, ते अजून मिळालेले नाहीत. एकाची मुलगी 1930 च्या सुमारास लग्न होऊन चुंगजूकडे गेली एवढंच आत्यांना आठवतं. थंडी सरली की सासरे आणि ते निवृत्त शिक्षक तिकडे जाऊन येणार आहेत. मला सोबत यायला सांगितलंय, जपानी वाचायला लागलं तर.